फुल बॉडी चेकअप नॉर्मल आला तरी आजार निसटू शकतो का?

निसटतो. तुम्ही लिहिलंय, तुमच्या वडिलांना जुनी शुगर, पायावर सूज, आणि घरचे म्हणतात "रिपोर्ट नॉर्मल आलाय, आता कशाला पैसे घालायचे". तुमचा प्रश्न वाचून राहवलं नाही. हेच मी माझ्या थोरल्या भावाकडून ऐकलंय.

आई गंगाखेडजवळच्या खेड्यात त्याच्याकडे असते. वय ६८, वजन जेमतेम ४० किलो. जन्मभर खुरपणी, वेचणी. शुगर आहेच. गुडघे धरले की भाऊ मेडिकलवरून डायक्लोफेनॅक ही दुखण्याची गोळी आणून द्यायचा. गावातल्या शिबिरात तिचं रक्त तपासलं, क्रिएटिनिन, म्हणजे किडनी रक्तातून गाळून टाकते तो टाकाऊ पदार्थ, १.१ आलं. शेजारी छापलेली मर्यादा ०.६ ते १.२. भाऊ फोनवर म्हणाला, "एकबी आकडा ठळक नाही. किडन्या ठणठणीत हैत."

पंचमीला माहेरी गेले तर आईची जोडवी बोटात रुतलेली, सकाळी डोळ्यांखाली फुगलेलं. ट्रंकेतली जुनी फाईल काढली. त्यात क्रिएटिनिन ०.७ होतं. दोन्ही आकडे मर्यादेतच, पण ०.७ वरून १.१ म्हणजे किडनीचं काम बरंच घटलेलं. दाखवलं तर भाऊ म्हणे, "तू दिल्या घरची. इथं डॉक्टरकी करू नको." मी आईला सरळ नांदेडला घेऊन आले.

इथल्या डॉक्टरांनी आधी तिचं वजन विचारलं. क्रिएटिनिन स्नायूंतून तयार होतं. आईच्या अंगावर मांसच नाही, त्यामुळं किडनी मंदावली तरी आकडा फार चढत नाही. तोच १.१ एखाद्या पहिलवानाचा असता तर काळजी नव्हती. वय आणि लिंग धरून काढलेला ईजीएफआर, म्हणजे किडनी किती गाळते याचा अंदाज, ५५ च्या आसपास निघाला, वजन धरणाऱ्या जुन्या सूत्रानं तर ३१. ६० च्या खाली तीन महिने राहिला की तो किडनीचा आजार धरतात. लघवीतून जाणाऱ्या अल्ब्युमिन या प्रथिनाची तपासणी, एसीआर, १४० आली. ३० च्या आत हवी. शिबिरात लघवी तपासलीच नव्हती. लॅबनं रक्ताचा आकडा बरोबरच दिला होता, पण तो आईच्या अंगाशी कुणी ताडला नाही.

माझं स्पष्ट मत आहे, पॅकेजमध्ये साठ-सत्तर तपासण्या भरून शुगरवाल्या माणसाची एसीआर सोडणं हे चेकअप नव्हे. वडिलांची एसीआर करा, ईजीएफआर काढून घ्या, मागच्या वर्षांचे रिपोर्ट सोबत न्या. दुखण्याच्या कोणत्या गोळ्या ते घेतात तेही डॉक्टरांना सांगा, सूज त्यांच्यामुळंही येते. आणि फाईल त्याच्याकडं ठेवा जो ती उघडून वाचतो. लेक असो, सून असो. आई कुणाकडं राहते यावरून तिच्या दवाखान्यात कोण बोलणार हे ठरत नसतं. माझ्या भावाला हे अजून पटलेलं नाही, पण डायक्लोफेनॅक बंद झालंय.

एसीआर ताप किंवा लघवीच्या इन्फेक्शननंही वाढते, म्हणून एकदा जास्त आली तर पुन्हा करून खात्री करा. बीपी-शुगरच्या गोळ्या मात्र मनानं बंद करू नका. आणि सूज दोन्ही पायांना आहे की एकाच, हे तुम्ही लिहिलेलं नाही. एकाच पायाला अचानक आली असेल, पोटरी दुखत असेल, तर या तपासण्यांची वाट न बघता आजच दाखवा.