पंचांग बघून इंटर्नशिप

प्रश्न : ताई, मी टीवायला मायक्रोबायोलॉजी करतेय, मुलुंडला राहते. कलिनाला एका लॅबमध्ये अँटिबायोटिकला दाद न देणाऱ्या बॅक्टेरियावर इंटर्नशिप चालू आहे आणि आता ऐरोलीला खाडीतल्या कांदळवनाच्या सर्व्हेची पण मिळालीये. लेक्चर्स फार उरली नाहीत, त्यामुळे सोम ते बुध लॅब आणि गुरु ते शनि खाडी असं ठरवलंय. आई म्हणते एकच काहीतरी धड कर, मैत्रीण म्हणते सीव्हीवर धरसोड दिसेल. काय करू?
– एक वाचक, मुलुंड

उत्तर : अगं, दोन्ही कर. पण हे वारांचं टाइमटेबल आधी फाडून टाक, कारण खाडीला गुरुवार-शुक्रवार कळत नाही. ओहोटी रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते. मी पण तुझ्याच वयात असे शनिवार बांधून घेतले होते आणि दुसऱ्याच शनिवारी खाडीवर पोचले तर जिथे खेकड्यांची बिळं मोजायची तिथे कमरेएवढं पाणी, आख्खा दिवस गेला, आणि वाईट याचं वाटलं की लॅबमध्ये त्या दिवशी माझी खरंच गरज होती.

आपल्या कोळी लोकांचा हिशोब माहितीये ना, तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते. म्हणजे अष्टमीला सहाच्या सुमारास भरती, ओहोटी भर दुपारी. आणि पुनवेला-अवसेला भरती बाराच्या आसपास, म्हणजे ओहोटी पहाटे. वर या उधाणाच्या दिवसांत पाणी जास्त मागे जातं, चिखल जास्त उघडा पडतो. तर पुनव-अवसेनंतरचे तीनेक दिवस सकाळी खाडी धर, पूल ओलांडला की ऐरोली, नऊ-साडेनऊला मोकळी होशील. अष्टमीच्या आसपास भांगाचं पाणी असतं, म्हणजे ते फार मागे जात नाही, तेव्हा लॅब. हा अंदाज झाला, प्रत्यक्ष जाताना भरती-ओहोटीचा तक्ता बघायचाच, आणि त्यातली वेळ गेटवेजवळच्या अपोलो बंदरची असते, ऐरोलीपर्यंत आत पाणी थोडं उशिरा येतं-जातं हे धरून चाल.

लॅबचं घड्याळ वेगळं. ३७ डिग्रीला रात्रभर ठेवलेल्या बॅक्टेरियाच्या प्लेटा सकाळी काढून फ्रीजमध्ये ठेवल्या तर मोजणी एक दिवस थांबू शकते, फक्त त्या वेळेवर काढायला कुणीतरी हवं, तेव्हा लॅबमधल्या एखाद्या सीनियरला आधीच विचारून ठेव आणि बदल्यात त्याचं एखादं काम कर. ओहोटी मात्र कुणासाठी थांबत नाही. आणि एक, खाडीवरून तशीच लॅबमध्ये जाऊ नकोस, घरी जा, आंघोळ कर, बूट-कपडे बदल. त्या चिखलात बॅक्टेरिया आणि बुरशी खच्चून भरलेली असते, तुझ्यामुळे दुसऱ्या कुणाचं कल्चर खराब झालं तर ते फार लागतं मनाला.

धरसोडीचं म्हणशील तर मला तसं वाटतच नाही. तू दोन्हीकडे मोजायलाच शिकतेयस. प्लेटवर ३० ते ३०० कॉलनी (बॅक्टेरिया वाढून दिसणारे ठिपके) असतील तर मोजायच्या, त्याहून जास्त असतील तर अजून डायल्यूट करून परत लावायचं. खाडीत ती सोय नाही, तिवराच्या श्वासमुळांमध्ये दोरीचा चौकोन टाकला की आत जे सापडेल ते आणि तेवढंच, त्याच दिवशी, जागेवर पेन्सिलीने लिहायचं (पेनाची शाई ओल्या कागदावर पसरते). हा फरक अंगात मुरलेला विद्यार्थी मला आवडतो आणि घेणाऱ्यांनाही आवडेल. ठाणे खाडी २०२२ मध्ये रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत गेली, तिथे नीट मोजणारी माणसं लागणारच आहेत.

दोन्ही गाइडना एकमेकांबद्दल सांगितलंयस का? पत्रात तू तसं कुठे लिहिलेलं नाहीस. नसेल तर याच आठवड्यात सांग, आणि परीक्षेच्या आधीचा महिना दोन्हीकडून सुट्टी हवी हे पण तेव्हाच बोलून घे. आईला पण तो महिना कॅलेंडरवर दाखव, तिची काळजी खोटी नाहीये.