दुखायचं थांबलं म्हणजे इम्प्लांट धरलं असं नाही

प्रश्न : डॉक्टर, माझ्या सासूबाई 61 वर्षांच्या आहेत, शुगर आहे. खाली उजवीकडे दाताची 2 इम्प्लांट बसवली, आज चौथा दिवस. काल गाल लिंबाएवढा सुजला होता, आज जरा उतरलाय. शेजारच्या काकू म्हणतात तव्यावर फडकं गरम करून शेक दे आणि टाक्यांवर हळद दाबून ठेव. आत्या, म्हणजे सासूबाई, म्हणतात आता दुखत नाही, मिश्री लावू दे, भाकरी दे, सोमवारपासून बेदाणा निवडायला जाते. 40 वर्षांची मिश्री आहे, ऐकत नाहीत हो. काय करू?
— एक सून, तासगाव

उत्तर : ताई, सुजेची काळजी करू नका. इम्प्लांटनंतर सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त असते आणि मग उतरते, तुमच्याकडे तसंच चाललंय. बर्फ पहिले 1-2 दिवसच कामाचा, तव्याचा शेक तर नकोच. आणि हळद, आपल्या सांगलीच्या हळदीला 2018 मध्ये जीआय मानांकन मिळालं, मलाही तिचा अभिमान आहे, पण ती दुधात द्या, टाक्यांवर नको. पूड जखमेत अडकते आणि मग आम्हाला ती धुवून काढावी लागते.

आता मिश्री. आत्यांना म्हणावं, दुखायचं थांबलं ते वरवरच्या हिरडीचं, खाली हाडात काम आत्ता कुठे सुरू झालंय. इम्प्लांट म्हणजे टायटॅनियमचा स्क्रू, बसवल्यादिवशी तो नुसता आवळून घट्ट असतो. नंतर त्याच्या कडेचं जुनं हाड झिजतं आणि नवं भरत येतं, त्यामुळे साधारण तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात त्याची पकड पहिल्या दिवसापेक्षा कमी असते. नेमकं तेव्हाच पेशंटला वाटतं आपण बरे झालो, आणि तेव्हाच घोळ होतो. हाडाने टायटॅनियम धरून ठेवणं हे स्वीडनच्या डॉ. ब्रोनेमार्क यांनी सशाच्या हाडात बघितलं आणि 1965 मध्ये पहिल्या माणसाला असे दात बसवले, पण त्या हाडाला वेळ लागतो तो लागतोच, खालच्या जबड्यात साधारण 3 महिने.

मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच. निकोटिनने हिरडीच्या बारीक रक्तवाहिन्या आवळतात, रक्त कमी पोचतं, त्यात शुगर असली की जखम आणखी रेंगाळते. वर ते बोट! टाके काढायला आलेल्या एका मावशींच्या तोंडात मी बघितलंय, दोऱ्याच्या प्रत्येक गाठीत मिश्रीचे काळे कण रुतलेले, खालची हिरडी लालबुंद, हात लावला की रक्त. त्या म्हणत होत्या, मी दुसऱ्या बाजूलाच लावते. बोट एका बाजूला थांबत नाही हो, थुंकी तर सगळीकडेच फिरते. म्हणून डबी घरातच ठेवू नका. 40 वर्षांची सवय आहे, त्यांना रागावू नका, सकाळी डबीची वेळ झाली की कपभर कोमट चहा द्या आणि शेजारी बसा, पहिला आठवडा फार जड जातो त्यांना. आणि हे 3 महिन्यांपुरतं नाही, इम्प्लांट टिकवायचं तर मिश्री कायमचीच सुटायला हवी.

जेवणात मऊ खिचडी, वरणभात, कोमट दुधात कुस्करून पार मऊ केलेली भाकरी चालेल, चावायचं डाव्या बाजूने. भडंग, ठेचा, तीळ, शेंगदाणे आत्ता नकोत. आणि खाता येत नाही म्हणून आइस्क्रीम, शिरा यांच्यावर ठेवू नका, शुगर चढते, उलट उपाशी ठेवून शुगरची गोळी दिली तर चक्कर येऊन पडतील. ग्लासभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ टाकून जेवणानंतर तोंडात धरायचं, खळखळ न करता पाणी नुसतं खाली सोडायचं. बाकीचे दात मऊ ब्रशने रोज घासायचे. अँटिबायोटिक बरं वाटलं तरी मध्येच सोडायचं नाही.

बेदाणा निवडायला आठवड्यानंतर टाके बघून डॉक्टर हो म्हणाले तर जाऊ द्या, पण क्रेट उचलायचे नाहीत आणि निवडता निवडता तोंडात टाकायचं नाही, चिकट असतो तो.

सूज उतरून परत वाढली, ताप आला, पू किंवा घाण चव आली, किंवा खालचा ओठ अजून बधीर वाटत असेल तर पुढच्या तारखेची वाट न बघता त्याच दिवशी दाखवा. ओठाच्या बधिरपणात तर एक दिवसही घालवू नका.

प्रश्न : माझ्या वरच्या दाढेचं इम्प्लांट झालं, डॉक्टर 6 महिने थांबा म्हणतात. मित्राला खाली 3 महिन्यांत दात बसला. मला उगाच फिरवतायत का?
— एक वाचक, कोरेगाव, जि. सातारा

उत्तर : नाही दादा, फिरवत नाहीयेत. वरचं मागचं हाड खालच्यापेक्षा पोकळसर असतं, त्यात सायनसजवळ, म्हणजे नाकाशेजारच्या हाडातल्या पोकळीजवळ, हाड भरलं असेल तर आणखी वेळ लागतो. तसं भरलं असेल तर सुरुवातीचे 2-3 आठवडे नाक जोरात शिंकरू नका, शिंक आली तर तोंड उघडं ठेवून येऊ द्या. विमानाने जायचं असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. साताऱ्याहून पुण्याला गाडीने जायला काही हरकत नाही.