क्रूझच्या थांब्यात अबुधाबीची शेख झायेद मशीद स्वतः जाऊन बघता येईल का?

ताई, तुम्ही विचारलंय की बोट अबुधाबीला एकच दिवस थांबणार आहे, सोबत सासूबाई आहेत, तर मशीद बघायला बोटीची सहल घ्यावी की स्वतः जावं, आणि आपल्याला आत सोडतात का. आत सोडतात, आणि तिकीटही नाही. फक्त मशिदीच्या संकेतस्थळावर आधी वेळ नोंदवून प्रत्येकाचा पास घ्यावा लागतो. शुक्रवारी दुपारच्या नमाजाला पाहुण्यांना प्रवेश बंद असतो, तुमचा थांबा त्या दिवशी येतोय का ते आधी बघा.

माझं मत सांगायचं तर स्वतः जा. बंदरावरून टॅक्सीने अर्धा तास धरा. आम्ही सहलीच्या बसने गेलो. आत पाऊण तास मिळाला आणि गाइड सारखा पुढे चला, पुढे चला करत होता.

मी पैठणची. बावीस वर्षं हातमागावर पैठणी विणली. त्यामुळे सगळे मान वर करून झुंबर बघत होते, तेव्हा माझी नजर खाली गालिच्यावर होती. झुंबरही थोर आहे, बारा टनांचं, दहा मीटर रुंद. पण तो गालिचा! 5,627 चौरस मीटर, म्हणजे आपल्या हिशोबाने साडेपंचावन्न गुंठे. एवढं रान हाताने गाठी मारून भरलंय. इराणमधल्या बाराशेच्या आसपास कारागिरांनी दोनशे कोटींहून जास्त गाठी मारल्या. आमच्या पैठणीत गाठ नसते. रंगारंगाच्या तिल्ल्या, म्हणजे धागा गुंडाळलेल्या छोट्या कांड्या, ताण्यातून म्हणजे मागावरच्या उभ्या धाग्यांतून फिरवत नक्षी भरायची, म्हणून ती दोन्ही अंगांनी सारखी दिसते. गालिच्यात प्रत्येक ठिपका म्हणजे ताण्याला मारलेली एक वेगळी गाठ. एक पदर भरताना महिना कसा जातो ते मला माहीत आहे, म्हणून तो आकडा ऐकून माझी बोटंच दुखायला लागली. आणखी एक गोष्ट नीट बघा. नमाजाला रांगेत उभं राहता यावं म्हणून गालिच्यावर रेघा आहेत, पण त्या वेगळ्या रंगाच्या नाहीत. लोकर कमी-जास्त कातरून त्या उठवल्यात. लांबून कळतही नाही.

बाहेरच्या अंगणात पांढऱ्या संगमरवरावर रंगीत दगडांच्या वेली पसरल्यात. मला आमची आसावली, म्हणजे पैठणीवरची फुलवेलच आठवली. 82 घुमट, हजारावर खांब, त्यांच्या माथ्यावर सोनेरी खजुराची पानं. बांधकाम 1996 ते 2007 चाललं. यात राजस्थानातल्या मकराण्याचाही दगड आहे, आपल्या बीबी का मकबऱ्यात वापरलाय तोच. मकबऱ्यात खालच्या भागाला आणि घुमटाला संगमरवर आणि बाकी चुन्याचा गिलावा, हे शाळेच्या सहलीत शिकलो होतो. ते तिथे एकदम डोळ्यांपुढे आलं.

कपड्यांबाबत कडक आहेत. मला पैठणी नेसून जायची फार हौस होती, पण कंबर, दंड उघडे राहतात म्हणून पूर्ण बाह्यांचा सैल सलवार-कुर्ता घातला आणि डोक्यावरून जाड ओढणी घेतली. पारदर्शक ओढणी नको. पुरुषांनी हाफ पँट घालू नये. फोटो काढता येतात, पण मशीद ज्यांच्या नावाची आहे त्या शेख झायेद यांच्या कबरीपाशी नाही. आत आखून दिलेल्या वाटेनेच चालायचं असतं.

सासूबाईंचं म्हणाल तर, पाहुण्यांचा प्रवेश जमिनीखालच्या बाजारातून आहे आणि तिथून मशिदीपर्यंत बरंच चालावं लागतं. म्हाताऱ्या माणसांसाठी छोट्या विजेच्या गाड्या आहेत, शिरल्या शिरल्या विचारून घ्या. संध्याकाळचा पास मिळाला तर उत्तम, दिवे लागल्यावर पांढऱ्या दगडावर निळसर उजेड चढतो. मात्र बोट सुटायच्या वेळेआधी निदान दोन तास हातात ठेवा. बोटीच्या सहलीला उशीर झाला तर बोट थांबते, आपण स्वतः गेलो तर थांबत नाही.

तो गालिचा इराणमध्ये तुकड्यांत विणून मग इथे आणून जोडलाय. जोड कुठे आहेत ते मला शोधायचं होतं, पण तेवढ्यात गाइडने हाक मारली. तुम्हाला एखादा जोड दिसला तर मला नक्की लिहा.