मानसशास्त्र न शिकलेल्या तरुणांचा युद्धातून आलेल्या मुलांना काही उपयोग होतो का?

तुम्ही 22 वर्षांचे, मानसशास्त्र शिकलेले नाही, यादवी युद्धातून बाहेर पडलेल्या मुलांसाठी काम करणाऱ्या तरुणांच्या गटात जायचंय. उपयोग होईल का आणि कोर्स कोणता करू, असं विचारलंत.

उपयोग होतो. हा वाद मी 2009 साली उत्तर युगांडातल्या गुलू शहरात रोज रात्री वरण-भात खाता खाता घातलाय, म्हणून लिहितोय.

मी समाजसेवक वगैरे नाही. सांगलीचा बी.कॉम. कंपालात एका गुजराती शेठकडे हिशेबनीस होतो, त्यांनी तिथल्या, छपराच्या पत्र्यांच्या गोदामावर धाडलं. 2006 च्या युद्धबंदीनंतर छावण्यांतली माणसं गावी परतत होती, पत्रे धडाधड खपत होते. जोसेफ कोनी या बंडखोर म्होरक्याच्या टोळ्यांनी युद्धात पोरं पळवून त्यांच्या हाती बंदुका दिल्या, हे वाचलं असेलच. त्या भीतीने खेड्यातली पोरं रोज संध्याकाळी चालत शहर गाठायची नि मिळेल त्या ओट्यावर झोपायची. 2004 च्या सुमारास अशी 40 हजारांच्या आसपास पोरं होती. आमच्या गोदामाच्या ओट्यावरही झोपायची, असं वॉचमन सांगायचा.

त्याच ओट्यावर झोपून मोठी झालेली सात-आठ जणं आता विशीत होती. गोदामामागच्या मोकळ्या जागेत ती लहान पोरांना जमवायची. ढोल, लाराकाराका हा तिथला नाच, थोडं गणित. रात्री शेकोटीभोवती म्हाताऱ्यांनी गोष्टी सांगायच्या, ही तिथल्या अचोली लोकांची ‘वांग ओ’ची रीत छावण्यांत मोडून गेली होती. ती त्यांनी पुन्हा धरली.

त्यांच्यातल्या एका ताईने सुट्टीच्या दिवसांपुरता एक पोरगा माझ्याकडे पत्रे मोजायला आणला. सतरा वर्षांचा, कोनीच्या टोळीतून परतलेला, पाचवीत. ‘बंडखोर’ म्हणून चिडवतात म्हणून शाळेतच जाईना. पहिल्याच दिवशी मी शहाणपणा केला. चहा देऊन विचारलं, “जंगलात काय काय करावं लागलं रे?” पोरगा मोजणी अर्धी टाकून उठला, तीन दिवस फिरकला नाही. ताईने मला बाजूला घेतलं. “सर, त्याला पत्रे मोजायला द्या. गोष्ट मागू नका.”

पुढे महिनाभर ती त्याच्यासोबत शाळेपर्यंत चालत गेली. फाटकाबाहेर आंब्याखाली बसून राहायची, मधल्या सुट्टीत उकडलेला कसावा वाटायची, चिडवणाऱ्यांनाही. पाचव्या आठवड्यात तोच म्हणाला, उद्या नको येऊस, लाज वाटते.

माझ्या शेजारच्या खोलीत आपल्याकडचाच एक मदतसंस्थेतला सल्लागार राहायचा. त्याचं पालुपद एकच: बिनप्रशिक्षित पोरं आहेत, काहीतरी नुकसान करून ठेवतील. यांच्या ढोलांचा अर्ज त्याच्या संस्थेने फेटाळला, कारण ढोल कुठल्या रकान्यात बसेना. त्याच महिन्यात हॉटेलात तीन दिवसांचं शिबिर झालं, कापडी पिशवी नि पेनासकट. अरे बाबा, नुकसान केलं ते मी, पदवीवाल्याने! ढोल शेवटी भंगार पत्र्यांच्या पैशांतून आले. शेठच्या वहीत मी ते ‘गोदाम दुरुस्ती’खाली दाखवले.

आता, तो अगदीच चूक नव्हता. झोपेत किंचाळणारी पोरं, कडेवर मूल घेऊन परतलेल्या मुली, अंगात छर्रे राहिलेले, यांना डॉक्टर, नर्स, समुपदेशकच हवेत. ताईही त्यांना दवाखान्यातच न्यायची. परतलेल्याने अंडं पायाने फोडून घरात यायचं, हा विधीसुद्धा घरचे वडीलधारेच करायचे. त्याच्या दुसऱ्या दिवसापासून मात्र पोराबरोबर शाळेपर्यंत चालायला कुणी नसतं.

कोर्स म्हणाल तर प्रथमोपचाराचा करून ठेवा, तिथली भाषा शिका. महिनाभरासाठी जाणार असाल तर जाऊच नका, पोरांना माणसाची सवय होते. मी दोन वर्षांनी निघालो त्या दिवशी तो पोरगा गोदामावर आला नाही. ताईच्या हाती मोजणीची वही पाठवली होती. शेवटच्या पानावर 214 पत्रे, बेरीज बरोबर.