वाचक विचारतात : आई गेलेलं वानराचं पिल्लू

प्रश्न : विजेच्या तारेला लागून वांदरीण मेली. तिच्या पोटाला बिलगलेलं काळं पिल्लू पोरांनी घरी आणलं. गाईचं दूध पितं, बिस्कीट खातं, अंगावरून उतरतच नाही. पाळलं तर चालेल का?
– एक वाचक, ता. दारव्हा, जि. यवतमाळ

उत्तर : नाही. आजच वन विभागाच्या १९२६ क्रमांकावर फोन करा, नाहीतर वनरक्षकाला गाठा. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार वानर पाळणं गुन्हा आहे. पण कायदा नसता तरी आम्ही नाहीच म्हटलं असतं.

अंग अजून काळं आहे म्हणजे पिल्लू काही महिन्यांचंच असणार. पुढे ते करडं होतं. वर्षभर तरी त्याला आईचं दूध लागतं. टोळीतल्या इतर माद्याही पिल्लं सांभाळतात, म्हणून टोळी जवळ असेतो त्याला परत मिळवून देण्याची आशा असते. वानरीण कुठे मेली ती नेमकी जागा वनरक्षकाला दाखवा. टोळीजवळ पिल्लू घेऊन स्वतः मात्र जाऊ नका, नर अंगावर येतो.

तोवर हवेशीर टोपलीत जाड टॉवेल ठेवा, त्याला ते बिलगेल. कापडात गुंडाळलेली गरम पाण्याची बाटली शेजारी ठेवा. अंग थंड असेल तर आधी ऊब द्या, तोवर काही पाजू नका. बिस्कीट आणि गाईचं दूध बंद. कोमट ओआरएस थेंब थेंब द्या, तेही पिल्लू उभं धरून. उताणं पाजलं की पाणी फुप्फुसात जातं आणि न्यूमोनिया होतो. दूध कोणतं, किती, हे पशुवैद्यक ठरवतील. हातापायांवर करंट लागल्याच्या खुणा आहेत का तेही त्यांना दाखवा. अशा जखमा कधी कधी काही दिवसांनी उघड्या पडतात.

आता पाळण्याविषयी. वानराचं पोट पाला आंबवून पचवणारं, अनेक कप्प्यांचं असतं. पोळी, गूळ, बिस्किटांनी त्यात आम्ल वाढतं, पोट फुगतं. मोठा नर १५ ते २० किलोचा होतो, सुळे लांब. माणसाची भीती गेलेली असते, म्हणून तो घरातल्या लहानग्यांवर जोर आजमावतो. कमरेची दोरी वाढत्या अंगात रुतते. मग कंटाळून जंगलात सोडलं, तर परकी टोळी त्याला हाणते, आणि कोणता पाला खायचा हे त्याला कोणी शिकवलेलंच नसतं.

कुणाला चावा किंवा ओरखडा बसला असेल तर साबण लावून वाहत्या पाण्यात १५ मिनिटं धुवा. हळद, चुना नको. त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात जा. रेबीजची लस दंडात घेतल्यास ०, ३, ७, १४ आणि २८ व्या दिवशी असते; जखमेतून रक्त आलं असेल तर जखमेत सीरमही द्यावं लागतं.

प्रश्न : शनिवारी मारोतीच्या देवळापाशी केळी वाटतो. आता वांदरं हातातून हिसकतात. काय करावं?

उत्तर : वाटणं थांबवा, आणि गावात सगळ्यांनी एकदमच. एकानेही चालू ठेवलं तर त्यांची आशा सुटत नाही. सुरुवातीला हिसकाहिसकी वाढेल, तेव्हा माघार घेऊ नका. नर टक लावून दात करकर वाजवू लागला की तो धमकावतो आहे. नजर खाली घ्या, रिकामे हात दाखवा, पाठ न फिरवता हळूहळू बाजूला व्हा. पळू नका.