हेलसिंकीच्या हिवाळ्याला इथून काय न्यावं?

प्रश्न: मुलगी ऑगस्टमध्ये शिक्षणासाठी फिनलंडला, हेलसिंकीला निघाली आहे. जाड स्वेटर आणि दोन सोलापुरी चादरी घेऊन ठेवल्यात. एवढं पुरेल का? तिथे दुपारी तीनलाच अंधार पडतो म्हणे?
– एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर: चादरी खुशाल द्या, पण घरात पांघरायला. तिथे हीटिंगमुळे घरात साधारण 21 अंश तापमान असतं, रजई नकोशीच होते. बाहेर पडताना मात्र अंगालगत सुती कपडा नको. बस पकडायला धावलं की घाम येतो, सूत तो शोषून घेतं आणि लवकर वाळत नाही. मग थांब्यावर उभं राहिलं की तेच ओलं कापड अंग गारठवतं. म्हणून आत मेरिनो लोकरीचे किंवा पॉलिस्टरचे थर्मल (दोन जोड), त्यावर तुमचा स्वेटर, आणि सगळ्यांत वर वारा-पाणी अडवणारं, कमरेखाली येणारं टोपीचं जाकीट. आत शिरलं की वरचा थर लगेच काढायचा.

जाकीट आणि बूट इथून घेऊ नका. तिथे ‘किर्पुतोरी’ म्हणजे जुन्या वस्तूंच्या दुकानांत ते स्वस्तात मिळतात. बूट अर्धा ते एक नंबर मोठे हवेत. लोकरीचा मोजा घातल्यावरही बोटं हलली पाहिजेत. घट्ट बुटात उबदार हवेला जागा राहत नाही, रक्तही नीट खेळत नाही, आणि बोटं बधिर होतात.

अंधाराचं ऐकलंत ते जवळपास खरं आहे. 21 डिसेंबरच्या सुमारास तिथे सूर्य साडेनऊच्या आसपास उगवतो आणि सव्वातीनला मावळतो. त्या दिवशी सोलापुरात अकरा तास उजेड असतो! अंधाराने मरगळ येऊ नये म्हणून मुलीला सकाळी उठल्यावर 10,000 लक्सच्या (लक्स म्हणजे उजेडाचं माप) दिव्यासमोर 20 ते 30 मिनिटं बसता येईल. दिवा थोडा बाजूला ठेवायचा, त्याच्याकडे टक लावायची नाही. संध्याकाळी लावला तर झोप उडते. डोळ्यांचा किंवा बायपोलरचा (मनःस्थिती टोकाची बदलण्याचा आजार) त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. जाकिटाला गुडघ्याच्या उंचीवर लोंबणारा रिफ्लेक्टर (गाडीच्या उजेडात चमकणारा तुकडा) लावायला सांगा. काळ्या कपड्यांतला माणूस गाडीवाल्याला फार उशिरा दिसतो.

आणि डिसेंबर सरला की थंडी सरली असं समजू नका. समुद्र सावकाश थंड होतो, त्यामुळे खरा कडाका बहुधा फेब्रुवारीत. मार्चमध्ये दुपारी वितळलेलं पाणी रात्री पुन्हा गोठतं आणि सकाळी पाय घसरतो. बुटांवर चढवायचे खिळ्यांचे पट्टे तेव्हा कामाला येतात.

प्रश्न: मुलगा तिथेच आहे. बाहेर बर्फ असूनही टाचा फुटतात, नाकातून रक्त येतं. असं का?
– एक वाचक, होटगी रस्ता

उत्तर: गार हवेत बाष्प मुळातच कमी असतं. तीच हवा घरात तापली की आपल्या एप्रिलसारखी कोरडी होते. अंघोळ कोमट पाण्याने, थोडक्यात आटपावी आणि अंग ओलसर असतानाच पेट्रोलियम जेली लावावी. नाकात सलाइनचे थेंब घालावेत. रक्त वरचेवर येत असेल तर डॉक्टरांना दाखवावं.