फेडरल काम घ्या, पण तोंडी शब्दावर एक तासही काम करू नका

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: व्हर्जिनियात पाच माणसांची आयटी कंपनी आहे, आजवर खासगी ग्राहकांचंच काम केलं. आता एका मोठ्या कंपनीने फेडरल, म्हणजे अमेरिकेच्या केंद्र सरकारच्या, कामात सब (तिच्या हाताखालचे उपकंत्राटदार) म्हणून यायला विचारलंय, कराराचा मसुदाही पाठवलाय. उतरावं का, फसण्याच्या जागा कोणत्या, आणि पुण्यातल्या टीमकडून काही काम करून घेता येईल का?

उतरा. मी अकरा वर्षं यात आहे, आधी सब म्हणून, मग प्राइम (सरकारशी थेट करार असलेला मुख्य कंत्राटदार) म्हणून. नीट भरलेलं बिल पोचलं की साधारण ३० दिवसांत पैसे द्यायचे आणि उशीर झाला तर प्राइमला व्याज द्यायचं, हे सरकारवर १९८२च्या कायद्याने बंधनच आहे. आपल्यासारखा माणूस इथे फसतो तो चांगुलपणापायी. ग्राहकाने शब्द टाकला की काम करून टाकायचं, कागद काय मागाहून येतो, ही आपली सवय. खासगी धंद्यात तिने माणसं जोडली जातात, इथे ती घर धुऊन नेते.

माझंच सांगतो. दुसऱ्याच वर्षी एका सरकारी कार्यालयात आमचे दोघे जण अहवालांची जुनी प्रणाली नव्या सर्व्हरवर नेत होते. देखरेखीला ज्या बाई होत्या (या पदाला सीओआर म्हणतात) त्या स्वभावाने फार चांगल्या. एका गुरुवारी मीटिंग आटोपताना म्हणाल्या, "एवढं हलवतच आहात तर राज्यवार तक्तेही करून द्या ना. पैसे आहेत आपल्याकडे." मी हो म्हणालो. दोघांनी सात आठवडे खपून तक्ते केले. बिल परत आलं, सोबत एक ओळ: हे काम करारात नाही.

बाई खोटं बोलल्या नव्हत्या, पैसे खरंच होते. पण सरकारला शब्दात बांधण्याचा अधिकार त्यांना नव्हता. तो कॉन्ट्रॅक्टिंग ऑफिसरचा (सरकारच्या वतीने करार करणाऱ्या अधिकाऱ्याचा), आणि त्यालाही त्याच्या वॉरंटमध्ये, म्हणजे अधिकारपत्रात, लिहिलेल्या मर्यादेपर्यंतच. सीओआर काम बघतात, तपासतात. पण व्याप्ती, किंमत, मुदत यांतलं काहीही बदलू शकत नाहीत. त्यांच्या नेमणुकीच्या पत्रात हे स्पष्ट लिहिलं होतं. पत्राची प्रत आमच्या फायलीत होती, मी ती वाचली नव्हती. मागाहून मंजुरी मिळवायची एक वाट नियमांत आहे, तिला रॅटिफिकेशन म्हणतात. आम्ही अर्ज केला, तो नामंजूर झाला. त्या सात आठवड्यांचे पगार मी घरावर कर्ज काढून दिले.

नंतर वकिलांनी मला १९४७चा एक निकाल वाचायला दिला. आयडाहोतल्या शेतकऱ्यांनी पीकविम्यासाठी अर्ज केला होता. ४६० एकर गहू, त्यातला ४०० एकर आधीच्या हिवाळी गव्हाच्या जागी दुबार पेरलेला. हे त्यांनी स्थानिक समितीला उघड सांगितलं, समिती म्हणाली सगळ्याला विमा मिळेल. दुष्काळात पीक गेलं. मग कळलं की दुबार पेरणीला विमा नाही, असा नियम सरकारी राजपत्रात आधीच छापलेला आहे. सुप्रीम कोर्टाने शेतकऱ्यांच्या विरोधात निकाल दिला: सरकारशी व्यवहार करणाऱ्याने समोरच्याला खरोखर किती अधिकार आहे, हे स्वतः पाहून घ्यायचं. चार न्यायाधीशांना तो निकाल पटला नव्हता, मलाही तो वाचताना त्या शेतकऱ्यांसाठी वाईट वाटलं. पण कायदा आजही तोच आहे.

तेव्हापासून आमच्याकडे एक पद्धत आहे. कोणी काही जादा मागितलं की त्याच दिवशी कॉन्ट्रॅक्टिंग ऑफिसरला तीन ओळींची मेल, सीओआरना प्रत: आज अशी मागणी झाली, आमच्या मते ती करारात नाही, लेखी मॉड (करारातला अधिकृत बदल) आलं की सुरू करतो. कोणीही रागावत नाही. उलट त्या सीओआरही अडचणीत येण्यापासून वाचतात.

दुसरी मोठी जोखीम बिलाची. फॉल्स क्लेम्स अॅक्ट १८६३चा, लिंकनच्या काळातला. यादवी युद्धात सैन्याला निकृष्ट माल विकणाऱ्यांसाठी केलेला. आज तो टाइमशीटलाही लागतो. न केलेले तास लावले, किंवा करारात दहा वर्षं अनुभवाचा माणूस लिहिलाय आणि प्रत्यक्षात तीन वर्षांचा बसवला, तर नुकसानीच्या तिप्पट भरपाई आणि शिवाय प्रत्येक खोट्या बिलामागे वेगळा दंड. मुद्दाम खोटं बोलायलाच हवं असं नाही, बेपर्वाई पुरते. तक्रार करणाऱ्या कर्मचाऱ्याला वसुलीचा १५ ते ३० टक्के वाटा मिळू शकतो. म्हणून तास रोजच्या रोज, ज्याचे त्याने भरायचे. शुक्रवारी संध्याकाळी आठवणीने आठवडाभराचे भरणं आम्ही बंद केलं.

पुण्याबद्दल: सहसा नाही. सरसकट बंदी नाही, पण बऱ्याच करारांत डेटा देशाबाहेर नेऊ नये, काम अमेरिकेच्या भूमीवरच व्हावं, अशी कलमं असतात, आणि सुरक्षा मंजुरी लागत असेल तर सहसा अमेरिकी नागरिकत्व लागतं. आमचा एक मुलगा बहिणीच्या लग्नाला पुण्याला गेला. हळदीच्या दिवशी दहा मिनिटं म्हणून कामाचा लॅपटॉप उघडून लॉगिन केलं. खातं तिथल्या तिथे बंद झालं, आणि तीन आठवडे त्याची चौकशी चालली. हेतू निर्मळ होता, तरी काम थांबलंच. वस्तू विकायचा विचार असेल तर आणखी एक ध्यानात ठेवा: ट्रेड अॅग्रीमेंट्स अॅक्टच्या मान्य देशांत भारत नाही. तो कायदा लागू असलेल्या कंत्राटात भारतात तयार झालेला माल सहसा चालत नाही.

संरक्षण खात्याचं काम असेल तर सायबरचा खर्च आधी धरा. संवेदनशील माहिती हाताळायची तर ११० सुरक्षा-अटी पाळाव्या लागतात, घुसखोरी झाली तर ७२ तासांत कळवावं लागतं, आणि नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कंत्राटांत सीएमएमसीची (कंत्राटदाराची सायबर-सुरक्षा पडताळण्याच्या पद्धतीची) अट टप्प्याटप्प्याने येते आहे. पाच माणसांच्या कंपनीला हे जड जातं.

"पाच वर्षांचं कंत्राट" ऐकून ऑफिस भाड्याने घेऊ नका. बहुतेक वेळा ते एक वर्ष अधिक चार ऐच्छिक वर्षं असं असतं, आणि ती इच्छा सरकारची. शिवाय सोयीनुसार कंत्राट मधेच संपवायचा हक्क सरकारला असतो. मग झालेल्या कामाचे आणि काम आवरायच्या वाजवी खर्चाचे पैसे मिळतात, पुढच्या वर्षांचा नफा मिळत नाही. शटडाऊन (खर्चाला मंजुरी नसल्याने सरकारी कामकाज बंद पडणं) वेगळाच: २०१८-१९चा ३५ दिवसांचा, २०२५चा ४३ दिवसांचा. सरकारी नोकरांना नंतर पगार देण्याचा कायदा आहे, कंत्राटदाराच्या माणसांना तसं संरक्षण नाही. दोन महिन्यांचे पगार बँकेत असल्याशिवाय मी नवं काम घेत नाही.

नोंदणीसाठी कोणी पैसे मागत असेल तर देऊ नका. सॅमवरची (सरकारी कंत्राटदारांच्या नोंदणीच्या सरकारी वेबसाइटवरची) नोंदणी फुकट आहे. सरकारी खरेदीची मूळ नियमावली, जिला फार (FAR) म्हणतात, ती १९८४ची. २०२५ पासून तिचं फेरलेखन चालू आहे, तेव्हा जुन्या लेखांवर विसंबू नका, तुमच्या करारातलं कलम वाचा.

आता हातातल्या मसुद्याकडे. पैशांच्या कलमात "सरकारकडून मिळाल्यावर" असं असेल तर त्याला दिवसांची कमाल मर्यादा घालून घ्या. सरकारने कंत्राट संपवलं तर तुमच्या झालेल्या कामाचे पैसे कसे मिळणार, ते लिहून घ्या. सरकारशी तुमचा थेट करार नसणार, त्यामुळे भांडण झालं तर दावा प्राइममार्फतच जातो. तो पुढे न्यायला त्यांनी नकार दिला तर काय, हेही विचारा. आणि प्राइमच्या बाजूने तुम्हाला जादा काम सांगण्याचा अधिकार नेमका कोणाला, त्या माणसाचं नाव मसुद्यात घालून घ्या. तिथल्या प्रोजेक्ट मॅनेजरला तो बहुधा नसतो.